पहिल्या प्रवेशांत पेरलेलें बीं
(घोटी येथें गांवकऱ्यांपुढें केलेलें भाषण)



शोकांतिका कशी वाचावी, हा आजचा विषय. आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, पहिला प्रवेश दोनदां वाचावा. भाताच्या रोपांतच रोग शिरला तर आवणी कितीही नेटकी केली तरी कणगी भरत नाहीं, हें घोटीच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. नाटकाचेंही तसेंच आहे.

शेक्सपिअरचें 'मॅकबेथ' घ्या. पडदा उघडतो तो गडगडाट, विजा आणि तीन चेटकिणी. प्रवेश अगदीं लहान. पण मॅकबेथ रंगभूमीवर येण्यापूर्वींच त्याचें नांव त्यांच्या तोंडीं येतें. येथें भल्याबुऱ्याची उलटापालट होणार, हें प्रेक्षकास तेव्हांच उमगतें.

आतां आपल्या घरचें नाटक पाहूं. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडलें. कमिटीनें तें नाकारलें. तें छापून निघण्यास १९७९ साल उजाडावें लागलें!

आरंभीं काय दिसतें? गरोदर कुणबीण, आणि तिच्या दारीं आलेला जोशी. पोटांतल्या जिवावर ग्रहांची पीडा आहे, असें भय तो तिला घालतो. पुढें अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, त्यासाठीं कर्ज, हें सारें या एका भयांतून उगवतें. पंचांग एकाच्या हातीं, दारिद्र्य दुसऱ्याच्या घरीं, आणि पणाला लागलेलें मूल अजून जन्मलेलेंही नाहीं! मधून मधून विदूषक बोलतो, म्हणून आपण हंसतों. पण तें हंसूं घशांत अडकतें.

दोन्ही नाटकांत भविष्य सांगणारेच आधीं येतात. मात्र चेटकिणी मॅकबेथच्या लोभाला हात घालतात. जोशी आईच्या मायेला. मॅकबेथ आपल्या पापानें बुडतो. या बाईचें पाप कोणतें? तिला कोणीं शिकविलें नाहीं, एवढेंच. आणि तें पाप तिचें नव्हे.

मग ही शोकांतिका आहे काय? नाहीं. शोकांतिकेंत डोळे उघडतात, पण उशिरां. जोतीरावांनीं ते वेळेवर उघडले. अखेरीस तें जोडपें जोतीराव व सावित्रीबाई यांच्या शाळेची वाट धरतें. तृतीय रत्न म्हणजे तिसरा डोळा, ज्ञानाचा. कष्टकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा त्यांनीं काढली तीही १८५५ सालींच.

आमच्या वर्गांतील एका मुलाचा ताप चार दिवस अंगाऱ्यावर काढला गेला. पांचव्या दिवशीं दवाखाना दिसला, म्हणून पोर वांचलें. आईला बोल लावून आम्ही मोकळे होणार होतों. पण हा प्रवेश पुन्हां वाचला आणि जीभ चावली. त्या घरावरून आम्ही रोज शाळेंत जातों; एकदां तरी त्या माउलीशीं बोलावयास थांबलों होतों काय? अंगारेवाला मात्र थांबला होता.

म्हणून आमची विनंति अशी. यंदाच्या जत्रेंत हें नाटक करा. पहिला प्रवेश संपला कीं थांबा आणि बायाबापड्यांस विचारा, "आतां पुढें काय होणार?" जें उत्तर येईल, त्यावरून गांवांत शाळा किती घरांपर्यंत पोंचली आहे, हें तुम्हांआम्हांस कळेल.