माणूस टिकतो कशानं?

गुढीपाडवा आला की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात शेतकऱ्याच्या दारात गुढी उभी राहते आणि ओसरीवर सालगड्याचं वर्ष ठरतं. कुणी त्याला सालदार म्हणतं. रोख किती, धान्य किती, आधी उचल किती, एवढं बोलणं होतं. चार माणसांसमोर दिलेला शब्द हाच करार. मोठ्या कंपन्यांत माणसं निवडण्यासाठी वेगळा विभाग असतो. आमच्याकडे ते काम ओसरी करते.

खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारपेठेतही फारसं वेगळं नाही. दुकानदार जुन्या नोकरालाच विचारतो, "एखादा ओळखीचा पोरगा आहे का?" ओळखीनं आलेल्या माणसाची हमी असते, हे खरं. पण ज्याची ओळख नाही, ज्याचं नाव-आडनाव मालकाच्या कानाला परकं लागतं, तो हुशार असूनही पायरीवरच राहतो. यात त्या पोराचं नुकसान आहेच, दुकानाचंही आहे.

पुढचा प्रश्न शिकवण्याचा. आमच्याकडच्या गॅरेजांत अजून उस्ताद-शागीर्दाची रीत आहे. शागीर्दानं आधी पाने उचलून द्यायचे, सुटे भाग धुवायचे आणि बघत बघत शिकायचं. काही उस्ताद सगळं देतात. काही मात्र शेवटची किल्ली हातची सोडत नाहीत. उद्या हाच समोर दुकान थाटेल, ही धास्ती. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ साली कायदा झाला. त्यात विद्यावेतन आहे, शेवटी प्रमाणपत्र आहे. गॅरेजातल्या शागीर्दाच्या हातात कसब येतं, कागद येत नाही. दुसऱ्या गावी गेला की त्याला पुन्हा पाने उचलण्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि टिकवायचं कसं? सर्वांत जुना उपाय म्हणजे उचल. मुलीचं लग्न, घरातलं आजारपण, अशा वेळी मालक पैसे देतो आणि ते उपकारच वाटतात. पण हिशेब एकट्या मालकाच्या वहीत राहिला की वर्ष सरतं, उचल सरत नाही. कर्जापायी माणूस राबवून घेण्याविरुद्ध, म्हणजे वेठबिगारीविरुद्ध, १९७६ साली कायदा करावा लागला, तो उगीच नाही. अडकलेला माणूस म्हणजे टिकलेला माणूस नव्हे. संधी मिळाली की तो पुण्याची किंवा सुरतेची गाडी धरतो. मग पाडव्याला ओसरीवर चर्चा होते, "आजकाल माणसंच मिळत नाहीत."

यावर बोलताना बरेच जण शेगावचा दाखला देतात. श्री गजानन महाराज संस्थानात सेवेकरी पाळीपाळीनं, मोबदला न घेता सेवा करतात. दिवंगत शिवशंकरभाऊ पाटील यांच्या काळात ही शिस्त नावारूपाला आली. पण ती भक्ती आहे. व्यापाऱ्यानं तशी फुकट सेवा मागू नये. त्याच्या नोकराला संध्याकाळी घरी पीठ न्यायचं असतं. शेगावहून घ्यायचं ते वेगळंच. तिथं कोणी कुठं उभं राहायचं, काय करायचं, हे ठरलेलं असतं. आणि सेवेकरी समोरच्याला "माऊली" म्हणतो. आपल्या दुकानात मात्र चाळिशीचा माणूसही "ए पोऱ्या" असतो!

म्हणून माझं व्यापारी आणि शेतकरी बंधूंना सांगणं थोडकंच आहे. उचलीचा हिशेब दोन वह्यांत लिहा, एक त्याच्याकडे असू द्या. पगाराची तारीख पाळा. शिकवलं असेल तर तसं चार ओळींत लिहून, सही करून द्या. त्याला नावानं हाक मारा. एवढं करूनही एखादा जाईल. जाऊ द्या, तुमच्याकडे चांगलं शिकवतात, हे तो चार गावांत सांगेल.

मी कवी माणूस, शब्दांत रमणारा. मालक, हजेरी, रजा हे शब्द मूळ अरबी, नोकर फारसीतून आला, पगार पोर्तुगीजांकडून. मराठीनं त्यांना उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं नाही. म्हणून ते इतकी शतकं आपल्याकडे कामाला आहेत.