रेवसच्या धक्क्यावरून

मुंबईत विचारतात, गाव का सोडलंत? सोडलं नाही, सोडायला लावलं! १८४० साली वारस नाही म्हणून कंपनीनं आंग्र्यांचं कुलाबा गिळलं. राज्य गोऱ्याचं, पण खळ्यावर खोतच. आपल्या आज्या-पणज्यांना पलटण तरी होती. १८९०च्या दशकात तिचीही दारं बंद केली. मग रेवसहून बोट, नि गोदीत हमाली. चरीची कुळं १९३३पासून सहा वर्षं संपावर होती. खायला करवंदं नि हट्ट. १९३७ला बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध विधेयक मांडलं.

तिकडं ग्वाटेमालात कुळांना जमीन देणारं सरकार १९५४ला अमेरिकेनं पाडलं. पुढं १९६० ते ९६ यादवी. पळालेल्यांना अमेरिकेच्या वेशीवर हाच सवाल : गाव का सोडलंत? विचारणारा कोण, बघा!