चाळिशीचा चष्मा आणि साठीचे शहाणपण

(सिंगापूर येथील मराठी बेने इस्राएल कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा, ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



संयोजकांनी मला 'वार्धक्य' हा विषय दिला आणि तयारीस आठ दिवस दिले. वास्तविक आठ दिवसांची गरज नव्हती. या विषयाची तयारी निसर्ग माझ्याकडून गेली कित्येक वर्षे करून घेत आहे. अट एवढीच होती, की भाषण लांबू नये. वृद्ध वक्त्याला ही अट घालणे म्हणजे सिंगापूरच्या पावसाला वेळापत्रक लावून देणे होय. तरीही प्रयत्न करतो.

मराठी भाषेने वयाच्या पायऱ्या मोठ्या विचाराने बांधल्या आहेत. अलिबागच्या एस.टी. स्थानकावर उभे राहिले, की कंडक्टर ज्या नावाने हाक मारील त्यावरून आपले वय आपल्याला कळते. आधी 'दादा', मग 'काका' आणि एके दिवशी 'आजोबा, जरा सांभाळून चढा'. सिंगापुरात ही सोय नाही. येथे माणूस तिशी-चाळिशीत 'अंकल' होतो आणि नव्वदीतही 'अंकल'च राहतो. कोपी बनवणारा अंकल, टॅक्सी चालवणारा अंकल, आणि त्या दोघांना पैसे देणारा मीही अंकल. या एका शब्दाच्या आडोशाला येथील मनुष्य निदान तीस वर्षे सुखाने भ्रमात राहू शकतो.

तो भ्रम एम.आर.टी.मध्ये फिटतो. आपण गाडीत शिरतो आणि शाळेच्या गणवेशातील एखादी मुलगी चटकन उठून जागा देते. आपण म्हणतो, "नको बाळ, मला पुढच्याच स्टेशनावर उतरायचे आहे," आणि मग सहा स्टेशने दांडीला धरून उभे राहतो. तोराने पांढऱ्या केसांसमोर उठून उभे राहण्याची आज्ञा केली आहे. ही आज्ञा केवळ तरुणांसाठी आहे असे आपण समजतो. परंतु उठणाऱ्याची मिट्झवा पूर्ण व्हायची तर कोणीतरी बसले पाहिजे. तेव्हा ज्येष्ठांनो, नि:संकोच बसा. तुम्ही बसल्याने त्या मुलीच्या खात्यावर पुण्य जमा होते आणि तुमचे गुडघेही तिला दुवा देतात.

आपण बेने इस्राएल दोन परंपरांत वाढलो, म्हणून वयाचा हिशेबही आपल्याकडे दोन वह्यांत लिहिलेला आहे. मराठी वहीत चाळीस वर्षांची नोंद म्हणजे चष्मा. त्याचे नावच मुळी 'चाळिशी'. मिश्नेच्या 'पिर्के अवोथ' या ग्रंथात आयुष्याच्या टप्प्यांची जी यादी आहे, तीत चाळिसाव्या वर्षापुढे 'समज' असे लिहिले आहे. म्हणजे अक्षरे अंधूक होतात त्याच वर्षी अर्थ स्पष्ट दिसू लागतो. पन्नाशीपुढे 'सल्ला' आहे. आता साठी. मराठी म्हण सांगते, साठी बुद्धी नाठी. आपले रब्बी मात्र 'झाकेन' या हिब्रू शब्दाची फोड अशी करतात, की वृद्ध तो, ज्याने शहाणपण मिळवले. दोहोंपैकी खरे काय? घरातील मंडळींना विचाराल तर ती म्हणीच्या बाजूने साक्ष देतील. ऐंशीपुढे मिश्नेने 'सामर्थ्य' असा शब्द लिहिला आहे. नव्वदीपुढे जे लिहिले आहे ते मी आज जेवणापूर्वी सांगणार नाही.

तालमूदमध्ये एक कथा आहे. अब्राहाम अवीनूच्या काळापर्यंत जगात म्हातारपणच नव्हते. अब्राहाम आणि त्याचा पुत्र इसहाक दिसायला इतके सारखे, की अब्राहामाशी बोलायला आलेला इसहाकाशी बोलून जाई आणि इसहाकाकडे आलेला अब्राहामापुढे गाऱ्हाणे मांडी. शेवटी अब्राहामाने प्रार्थना केली आणि वार्धक्य जगात आले. केस काळे करण्याच्या बाटल्यांवर आपण आज जो खर्च करतो, तो त्याने मागून घेतलेली देणगी परत करण्यासाठी करतो! या कथेचा मला उमगलेला अर्थ असा: सुरकुती ही ओळखीची खूण आहे. कोणाजवळ काय विचारावे हे लोकांना कळावे, म्हणून ती दिलेली आहे.

मग विचारणाऱ्याला आपण काय द्यावे? 'गणना' या पुस्तकात लेवींसाठी नियम आहे, की पन्नासाव्या वर्षी त्यांनी सेवेतून निवृत्त व्हावे. सिंगापूर सरकारने निवृत्तीचे किमान वय २०२२ च्या जुलैपासून ६३ केले आणि २०२६ च्या जुलैपासून ते ६४ ठरवले. त्या मानाने तोरा अधिक उदार दिसते. परंतु पुढचीच ओळ सांगते, की त्या लेवीने आपल्या बांधवांसोबत सेवा करीत राहावे. राशी याचा खुलासा करतात: खांद्यावरून ओझे वाहणे तेवढे थांबवायचे, दारे बंद करणे, गाणे आणि गाड्यांवर सामान चढविणे हे चालूच राहील. आणि तालमूद म्हणते, की पुढे मंदिराच्या काळात लेवी वयामुळे बाद होत नसे, आवाज गेला तरच बाद होई. आमच्या हझ्झान मंडळींना हा आधार मोठा प्रिय आहे. ऐकणाऱ्यांचे मत मी विचारलेले नाही.

या भूमीतील उदाहरण पाहा. डेव्हिड मार्शल आपल्याच धर्माचे, बगदादी घराण्यातील. १९५५ साली ते सत्तेचाळिसाव्या वर्षी सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले. ते पद चौदा महिने टिकले. पुढे १९७८ मध्ये, सत्तरीत, ते फ्रान्समधील सिंगापूरचे पहिले राजदूत झाले आणि १९९३ पर्यंत, म्हणजे पंच्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत, त्यांनी ते काम केले. भर उमेदीतील चौदा महिने आणि उतारवयातील पंधरा वर्षे! आपल्या भाषेने 'उतारवय' हा शब्द घडवला, पण प्रवासी जाणतो, की उतारावर दम कमी लागतो आणि आजूबाजूला पाहायला सवड मिळते. फक्त पाय जपून टाकावा लागतो. त्याचीही येथे व्यवस्था आहे. २००९ पासून काही चौकांत ज्येष्ठांनी आपले कार्ड खांबाला लावले, की हिरवा माणूस तीन ते तेरा सेकंद जास्त थांबतो. ते कार्ड लपवून धावत रस्ता ओलांडण्यात काही शौर्य नाही.

आता थोडे गंभीर बोलतो. आपली येथील मुले मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. मलिद्याचे पोहे किती वेळ भिजवायचे, त्यात खोबरे किती, एलियाहू हन्नबीचे गाणे कोणत्या चालीवर, हे आज काही थोड्या आजींच्याच हातांत आणि कंठांत आहे. ज्येष्ठांना माझी विनंती अशी, की ओझे खाली ठेवा. ताट मुलांना धरू द्या, प्रार्थनेचा मान त्यांना द्या, ती चुकतील तर चुकू द्या. पण गाणे सोडू नका. जवळ उभे राहून गात राहा. आणि तरुणांना विनंती अशी, की आज विचारा. स्मरणशक्ती हा पाहुणा निघण्यापूर्वी निरोप घेतोच असे नाही.

काहींच्या घरी तो पाहुणा निघूनही गेला आहे. आई नाव विसरते, वडील तोच प्रश्न पाचव्यांदा विचारतात. त्या घरांसाठी तालमूदचे एक वचन आहे: विद्या विसरलेल्या वृद्धाचा मान राखा, कारण पवित्र कोशात अखंड पाट्यांबरोबर मोशे रब्बेनूने फोडलेल्या पाट्यांचे तुकडेही ठेवलेले होते. रानावनातून चाळीस वर्षे लेवींनी ते तुकडे खांद्यावरून वाहिले. वाचता येत नाहीत म्हणून कोणी ते टाकून दिले नाहीत.

आपले मराठी शेजारी आशीर्वाद देतात, 'शतायुषी व्हा'. आपल्याकडे एकशे वीस वर्षांचा आशीर्वाद आहे. म्हणजे आपल्याला वीस वर्षे वरकड मिळतात. ती सर्वांना लाभोत, आणि सोबतीला विचारणारे कोणी असो. आमेन.