आज्जीच्या ताटातली भाकरी

(आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी, कोडोली येथे केलेले भाषण)

 

विहार कमिटीनं आम्हाला विषय दिला आहे, 'साहित्यातील आजी-आजोबा आणि नातवंडे'. आम्ही पडलो गिरणीतला माणूस. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काही वाचन झालं ते तिसऱ्या पाळीहून घरी आल्यावर, झोप लागेपर्यंत. साहित्यावर बोलायला प्राध्यापक मंडळी आहेत, त्यांना बोलवा, असं आम्ही कमिटीला म्हणालोही. पण विषय हातात पडला त्याच आठवड्यात घरात एक गोष्ट घडली. म्हणून उभे राहिलो.

आमची नात चौथीत आहे. शाळेत बाईंनी निबंध दिला, 'आमच्या घरातील जुनी माणसे'. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली एका म्हातारीचा फोटो आहे. ती आमची आज्जी, म्हणजे नातीची खापरपणजी. पोरीनं तिच्यावर निबंध लिहिला. खापरपणजी संध्याकाळी ओसरीवर बसून गोष्टी सांगायची, दारात तुळस होती, गोठ्यात गाय होती, खापरपणजी नातवाच्या हातावर लोण्याचा गोळा ठेवायची. बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले, वर 'छान' असा शेरा.

आमच्या आज्जीच्या दारात तुळस नव्हती. गाय नव्हती. ओसरी तर नव्हतीच. आम्ही पोरीला जवळ घेऊन विचारलं, "हे कुठनं लिहिलंस बाळ?" ती म्हणाली, "पुस्तकातल्या धड्यात आज्जी असते तशी लिहिली. तुम्ही कुठं काय सांगितलंय?"

या पोरीचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. धड्यातल्या आज्जीला वेळ असतो. दिवेलागणीला तिच्याभोवती नातवंडं जमतात, राजाची आणि राणीची गोष्ट निघते. आमच्या वस्तीतल्या आज्ज्या दिवेलागणीला रानातनं यायच्या, डोक्यावर जळणाचा भारा घेऊन. गोष्ट सांगायला बसतील तर चूल कोण पेटवणार? ही आज्जी धड्यात नाही. मग पोरीनं शोधायची कुठं?

आम्हाला ती पहिल्यांदा छापलेली भेटली १९९० च्या सुमारास. गिरणीतल्या एका सोबत्यानं शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' वाचायला दिलं होतं. पुस्तक १९८४ चं. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट भागातलं हन्नूर गाव. गावच्या शाळेत बापाचं नाव लावायची पंचाईत असलेलं पोर, आणि त्याला सांभाळणारी आईची आई, संतामाय. तिच्याबरोबर राहणारे दादा जमादार हे जातीनं मुसलमान. त्यांचं या पोराशी रक्ताचं नातं नाही, धर्माचं नाही, जातीचं नाही. तरी आजोबाची माया त्यांनीच केली. रक्ताचा बाप शेजारच्या गावचा पाटील, त्यानं नाव द्यायला मागंपुढं पाहिलं, आणि परका माणूस आज्जा झाला. वंशाचा अभिमान सांगणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा वाचावं.

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. सुगीच्या दिवसांत जनावरं रानात चरतात, खाल्लेली ज्वारी न पचता शेणातनं पडते. संतामाय ते शेण गोळा करायची, पाण्यात धुऊन दाणे वेगळे काढायची, उन्हात वाळवायची, दळायची. त्या पिठाची भाकरी ती स्वतः खायची. नातवाच्या ताटात दुसरी, चांगली भाकरी. पोरगं ते पोरगं. त्याला आज्जीची भाकरी वेगळी दिसली. त्यानं हट्टानं अदलाबदल केली, एक घास तोंडात घातला, आणि त्याला शेणाचा वास आला.

आम्ही हे वाचून पुस्तक मिटलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, उठून आज्जीला ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. आमची आज्जी तेव्हा ऐंशीच्या पुढची. लिहिता-वाचता येत नव्हतं, कान शाबूत होते. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि एवढंच विचारलं, "त्या पोरानं म्हातारीचं ताट बगितलं व्हय रं? तिला कळलं आसंल का?"

शेणातल्या दाण्यांचं तिला काही वाटलं नाही. नातवानं पाहिलं, याचं वाटलं.

आम्ही लहानपणी तिच्याजवळच वाढलो. वडील मुंबईला गिरणीत, आई त्यांच्याकडं. अशी कितीतरी पोरं कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीच्या गावांतनं आज्जा-आज्जींनी वाढवली. मुंबईची खोली दहा बाय दहाची, तिथं पोरं ठेवणार कुठं? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले, तेव्हा कित्येकांनी बायका-पोरं गावी धाडली. आमचे वडील तर स्वतःच रिकाम्या हातानं परत आले. आमची नववी तिथंच राहिली. सगळ्यांचा भार पुन्हा म्हातारीवर. ती सरवा वेचायला जायची, शेंगांचा नाहीतर ज्वारीचा. आम्हाला भाकरी वाढायची आणि म्हणायची, "खा तू, मी रानातच खाल्लंया."

'अक्करमाशी' वाचून दाखवल्यावर दोन दिवसांनी तांदूळ निवडता निवडता तीच आपणहून बोलली. "मी रानात काय बी खात न्हवतो रं. तू निजलास की तव्याला चिकटल्यालं खरवडून खायाचो, वर तांब्याभर पानी." आमच्या भागात बाया असंच बोलतात, खायाचो, जायाचो. तेच तिचं बोलणं आहे, म्हणून तसंच सांगतो.

आता इथं भन्तेजी बसले आहेत, म्हणून विचारायचं धाडस करतो. आम्ही रोज पंचशील घेतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आमची आज्जी जन्मभर नातवाशी खोटं बोलली. हे शील तिनं मोडलं म्हणायचं का? आम्हाला उत्तर देता येत नाही. एवढं मात्र कळतं, की ते खोटं आमच्या पोटात गेलं आणि आम्ही जगलो.

भन्तेजींकडून आणि पुस्तकांतनं पुढं आम्हाला समजलं, की तिपिटकातसुद्धा आजी-आजोबा आहेत, आणि तेही आपल्यासारखेच रडले आहेत. आपण बुद्धाच्या गोष्टी सांगतो त्या राजपुत्राच्या, गृहत्यागाच्या. शुद्धोदन राजाकडं कुणी आज्जा म्हणून बघत नाही. भगवान कपिलवस्तूला आले. राहुल वारसा मागत मागं गेला, आणि भगवंतांनी सारिपुत्ताकरवी त्याला श्रामणेर केलं. मुलगा आधीच गेलेला, नंतर नंदही गेला, आता नातू. म्हातारा राजा भगवंतांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, की लेकराची माया कातडी कापते, मांस कापते, हाडातनं मगजापर्यंत जाते. यापुढं आईबापांच्या परवानगीशिवाय कुणाच्या मुलाला दीक्षा देऊ नये. आणि भगवंतांनी तसा नियम केला. आजही तो विनयात आहे. आपल्या मुलांना श्रामणेर शिबिराला पाठवताना आईबापांची संमती विचारतात, त्यामागं एका आज्ज्याचं दुःख आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

विशाखा तर आपल्या भगिनींच्या परिचयाची, श्रावस्तीची मोठी उपासिका. तिची लाडकी नात गेली. भर दुपारी ती ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी भगवंतांकडं आली. भगवंतांनी विचारलं, श्रावस्तीत जेवढी माणसं आहेत तेवढी तुला मुलं-नातवंडं असावीत असं वाटतं का? ती म्हणाली, हो. मग रोज श्रावस्तीत किती माणसं मरतात? दहा, नऊ, निदान एक तरी. मग विशाखे, तुझे केस कधी वाळतील?

ऐकायला कठोर वाटतं. आम्हालाही वाटलं होतं. पण नीट बघा, भगवंतांनी तिला फसवलं नाही. नात स्वर्गात गेली, पुन्हा तुझ्याच पोटी येईल, असली गोष्ट सांगितली नाही. प्रसेनजित राजाचंही तेच. त्याची आज्जी एकशे वीस वर्षांची होऊन वारली, आणि हा एवढा कोसलचा राजा भर दुपारी येऊन सांगतो, की हत्ती देऊन, घोडे देऊन, उत्तम गाव देऊन, अख्खा मुलूख देऊन ती वाचली असती तर मी दिला असता. एकशे वीस वर्षांच्या म्हातारीसाठी! आपल्यात सत्तरीच्या माणसाला 'आता काय उरलंय' म्हणणारे आहेत, त्यांनी ऐकावं. भगवंतांनी त्यालाही खरं तेच सांगितलं. कुंभाराची मडकी कच्ची असोत की भाजलेली, शेवटी फुटतात.

म्हणजे आमच्या आज्जीनं मायेपोटी झाकलं, आणि भगवंतांनी करुणेपोटी उघडं करून सांगितलं. लेकरू भुकेलं असताना झाकणं बरोबर होतं. पण आज आमच्या नातीचं पोट भरलेलं आहे. मग आम्ही कशाला झाकतोय?

वस्तीत याच्यावर दोन मतं आहेत. आमचा थोरलाच म्हणतो, "दादा, जुनं उकरू नका, पोरीला शाळेत कमीपणा वाटंल." त्याचं अगदीच खोटं नाही. शाळेत काय काय कानावर येतं ते आम्हीही सोसलं आहे. पण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं बघा. १९२९ चा जन्म, वीरगावला आज्जा-आज्जीच्या घरात लहानपण. संसारात किराणा दुकानात बसून, पुड्या बांधायच्या रद्दीचे कागद वाचता वाचता त्या लिहू लागल्या. लिहिलेलं वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातनं आलं, १९८६ ला पुस्तक झालं. मुला-सुनांनी, नातवंडांनी वाचावं, आपली माणसं कोणत्या आगीतनं आली ते त्यांना कळावं, म्हणून त्यांनी ते लिहिलं. २०१२ साली बेबीताई गेल्या. पुस्तक आहे.

आज्जा म्हटला की तो प्रेमळच, असंही समजू नका. डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' मधला आज्जा नाचणाऱ्या लेकींच्या कमाईवर जगणारा आहे. तेही नातवानं लिहिलं, लपवलं नाही. आमच्याही आज्जाची दारू होती. निबंधात तीही यायला पाहिजे, निदान मोठेपणी.

आम्ही त्या रात्री नातीला सगळं सांगितलं. सरवा, तवा, तांब्याभर पाणी. ती गप्प झाली. आम्हाला वाटलं, थोरला म्हणाला तेच झालं. मग म्हणाली, "मग तुम्ही जागे राहून बघितलं का नाही?" आम्ही म्हणालो, "झोप लागायची बाळ, पोट भरलेलं असायचं."

तिनं नवी वही काढली आहे. तो निबंध बाईंना परत दाखवायचा नाही म्हणते, नऊ गुण जातील. पण वहीत खरं लिहिणार आहे. कमिटीपुढं आमची सूचना आहे, की दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास वस्तीतल्या एका म्हातारीनं नाहीतर म्हाताऱ्यानं बोलावं आणि पोरांनी लिहून घ्यावं. वह्या आम्ही देतो.

आमच्या नातीनं पहिल्या पानावर खापरपणजीचं नाव लिहिलं आहे. पुढं माहेरचं आडनाव काय लिहू, असं विचारत होती. ते आम्हाला सांगता आलं नाही. आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं. ती वारणेपलीकडच्या गावची, एवढंच ऐकून आहोत. इथल्या जुन्या माणसांपैकी कुणाला आठवत असेल तर चहाच्या वेळी आम्हाला सांगा. पोरगी वही घेऊन मागं दाराशीच बसली आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.