मोगूबाई कुर्डीकर : गाळलेली वर्षे



गोमंतकाने मराठी रंगभूमीस आणि हिंदुस्थानी संगीतास किती कलावंत दिले, याची गणती अशा समारंभांतून नेहमीच होते. नावे घेतली जातात, मानसन्मान सांगितले जातात, आणि नाव व सन्मान यांच्या मधली वर्षे गाळली जातात. 'गानतपस्विनी' हे विशेषण ज्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले, त्या मोगूबाई कुर्डीकरांच्या बाबतीत ही गाळलेली वर्षेच अधिक बोलकी आहेत.

सांगे तालुक्यातील कुर्डी या गावी १५ जुलै १९०४ रोजी मोगूबाईंचा जन्म झाला. कुळ कलावंतांचे, म्हणजे ज्यांचे गाणे देवळास हवे होते परंतु ज्यांना समाजात बरोबरीचे आसन नव्हते, अशांचे. मुलीने मोठी गायिका व्हावे हा ध्यास प्रथम आईचा, जयश्रीबाईंचा होता. मुलीला नाटक मंडळीत घालण्यामागेही गाणे शिकण्याची सोय व्हावी हाच हेतू होता. १९१४ च्या सुमारास जयश्रीबाई निवर्तल्या. मुलगी नावारूपास येईपर्यंत आपला जीव तिच्याभोवतीच घोटाळत राहील, असे त्यांनी अखेरच्या दिवसांत सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे. दहा वर्षांच्या पोरक्या मुलीला हा आशीर्वाद वाटला असेल की ओझे, हे कोणी सांगावे?

पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत 'सौभद्र', 'पुण्यप्रभाव' अशा नाटकांतून त्यांच्या भूमिका गाजू लागल्या. परंतु मंडळीतील कलहामुळे ती वाट बंद झाली. त्यातच प्रकृती ढासळली आणि उपचारासाठी सांगलीस यावे लागले. हाती मंडळी नाही, डोक्यावर वडीलधाऱ्यांचे छत्र नाही, अंगात आजार. अशा स्थितीतही रियाज चालू होता, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून होते.

जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ त्या वेळी औषधोपचारासाठी सांगलीतच होते. रस्त्याने जाता-येता त्यांच्या कानी हा आवाज पडला, आणि एके दिवशी ते आपण होऊन घरात आले. हे वृद्ध गृहस्थ कोण, याची मोगूबाईंना कल्पनाही नव्हती. खाँसाहेबांनी शिकविण्यास आरंभ केला तेव्हा गुरू दारी चालून आल्यासारखे झाले. हा प्रसंग सांगणारे बहुधा येथेच थांबतात. खरी परीक्षा मात्र येथून पुढे सुरू होते.

खाँसाहेबांचा मुक्काम मुंबईस हलला. त्यांच्या पाठोपाठ मोगूबाईही मुंबईस आल्या. तेथे खाँसाहेबांच्या इतर आश्रयदात्यांचा या तालमीस विरोध झाला आणि ती थांबली. त्या वादाच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. काही काळ आग्रा घराण्याच्या गवयांकडे शिक्षण झाले, परंतु कानात बसलेली गायकी वेगळी होती. पुढे अल्लादियाखाँचे धाकटे बंधू हैदरखाँ यांनी शिकविले. तीही तालीम अखेर खंडित झाली. दार उघडते आणि मिटते, पुन्हा उघडते आणि मिटते. अशा वेळी माणसाला दाराविषयी नव्हे, स्वतःच्या गळ्याविषयीच शंका येऊ लागते. अखेर १९३४ मध्ये अल्लादियाखाँनी त्यांना विधिवत गंडा बांधला. सांगलीतील त्या भेटीस तोवर सुमारे पंधरा वर्षे लोटली होती.

या गुरूने त्यांना निवडावे यातही एक अर्थ दिसतो. तरुणपणी अतिगायनाने खुद्द खाँसाहेबांचा मूळ आवाज गेला होता, आणि उरलेल्या आवाजास मानवेल अशी नवी गायकी त्यांनी घडविली, असे संगीताच्या इतिहासात सांगितले जाते. लयीला पायरीपायरीने घट्ट बांधून चालणारी, अनवट रागांत रमणारी ही गायकी शिकणाऱ्याची कसोटी पाहते. मोगूबाईंच्या गाण्यातील लयीवरची पकड जाणकारांनी वाखाणली, ती काही फुकाची नव्हे.

पती माधवदास भाटिया यांचे निधन झाले तेव्हा मुले लहान होती. गुरू १९४६ मध्ये गेले. संसार चालविण्याचे साधन म्हणजे मैफली आणि शिकवण्या. त्या काळात गाणाऱ्या बाईला तिसऱ्या वर्गाचे तिकीट मिळे, उतरण्यास धड जागा मिळत नसे. आईच्या वाट्याला आलेली ही वागणूक तंबोऱ्यावर साथीला असलेल्या थोरल्या मुलीने पाहिली. किशोरी आमोणकरांचा मैफलीच्या शिस्तीविषयीचा करारीपणा ज्यांना खटकत असे, त्यांनी हे प्रवास ध्यानी घ्यावेत. (गवई उशिरा आला तर 'लहर', आणि गायिकेने शांतता मागितली तर 'अहंकार', हा आपल्याकडील न्याय जुनाच आहे.)

शिकविताना माई बंदिशीची ओळ दोन-तीनदाच म्हणत. तेवढ्यात ती उचलावी लागे. परंतु एवढ्या सायासाने मिळविलेली गायकी त्यांनी कुलूप लावून ठेवली नाही. मुलीला अंजनीबाई मालपेकरांसारख्या वेगळ्या घराण्याच्या गुरूकडेही पाठविले. पद्मा तळवलकर, कमल तांबे, अरुण द्रविड यांसारखे शिष्य त्यांनी घडविले. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि १० फेब्रुवारी २००१ रोजी मुंबईत हे दीर्घ आयुष्य संपले.

कुर्डी गाव तोवर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले होते. उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास पाणी ओसरले की घरांचे चौथरे उघडे पडतात, आणि इतरत्र वसलेले कुर्डीकर काही दिवस तेथे जमतात.