तीन पानांचा कायदा आणि लाकडी बाण

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कर्जमुक्तीचा आहे. हा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. बँकेचा साहेब म्हणतो, पेपरवाला म्हणतो, कधी आपल्याच घरातला नोकरीला लागलेला पोरगा म्हणतो, ''अशी कर्जं सोडत गेलं, तर फेडायची सवयच मोडेल.'' या वाक्याचे उत्तर आज आम्ही अमेरिकेतून देणार आहोत. २००८ साली तिथे जगातल्या सर्वांत बड्या थकबाकीदारांना सरकारने वाचवले. लोक खवळले. त्यांचे काय झाले, सरकारने काय केले आणि आपण त्यातून काय घ्यायचे, एवढेच बोलायचे आहे.

गाठीच्या आत कवडी

झाले असे. तिथल्या बँकांनी फेडण्याची ऐपत न पाहता घरांसाठी कर्जे वाटली. मग ती कर्जे एकत्र बांधली, त्यांचे कागद केले आणि जगभर विकले. आपल्याकडे एखाद्याने आत कवडी कापूस भरावा, वरून चांगली रुई लावावी, गाठ आवळावी आणि एक नंबरचा शिक्का मारावा, तसा हा धंदा. घरांचे भाव चढते होते तोवर कोणी गाठ सोडून पाहिली नाही. भाव पडले आणि गाठी सुटल्या. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही बडी पेढी बुडाली. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवायला तिथल्या मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले.

अर्थमंत्री होते हेन्री पॉलसन. मंत्री होण्याआधी ते गोल्डमन सॅक्स या पेढीचे प्रमुख होते. २० सप्टेंबरला त्यांनी संसदेपुढे मसुदा ठेवला. फक्त तीन पानांचा. मागणी ७०० अब्ज डॉलरची, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ३३ लाख कोटी रुपये. आणि त्यात आठवे कलम असे, की मंत्री जो निर्णय घेतील त्याची तपासणी कोणत्याही कोर्टाला करता येणार नाही.

भावांनो, पन्नास हजारांच्या पीककर्जाला सोसायटी आपल्याकडून सातबारा घेते, आठ-अ घेते, दुसऱ्या बँकांचे ना-देय दाखले घेते, जामीनदाराच्या सह्या घेते. त्यांच्या ३३ लाख कोटींना तीन पाने पुरणार होती.

लोकांचे फोन

तिथल्या साध्या माणसाने हे वाचले आणि फोन उचलला. दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींच्या कचेऱ्यांत फोन आणि पत्रांचा पूर आला. बहुतेक सगळे विरोधात. प्रतिनिधिगृहाचे संगणकी टपाल तुंबले. कोणी म्हणत होते, जुगार त्यांनी खेळला, आम्ही का भरावे? कोणी म्हणत होते, पैसा द्यायचाच तर ज्याचे घर जप्त होत आहे त्याला द्या, बँक आपोआप वाचेल.

२९ सप्टेंबरला मतदान झाले. राष्ट्राध्यक्षांना कायदा हवा होता. दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांना हवा होता. तरी बाजूने २०५ आणि विरोधात २२८ मते पडली. कायदा पडला. कारण प्रतिनिधिगृहाच्या साऱ्या ४३५ जागांची निवडणूक ४ नोव्हेंबरला होती. पाच आठवड्यांवर मतपेटी आली की पुढाऱ्याला ऐकू येऊ लागते. हे तिथेही खरे आणि इथेही.

त्याच दिवशी न्यूयॉर्कचा शेअर बाजार ७७७ अंकांनी कोसळला. त्या बाजारात फक्त शेठजींचा पैसा नव्हता. नोकरदारांची म्हातारपणाची पुंजीही त्यात होती. कालपर्यंत रागावलेला माणूस आज घाबरला. काही प्रतिनिधींनी सांगितले, की आता येणाऱ्या फोनचा सूर बदलला आहे. राग आणि भीती यांची कुस्ती लागली की पहिल्या फेरीत बहुधा भीती जिंकते.

युरियाबरोबर बाटली

पुढचे दोन दिवस नीट ऐका. हंगामात युरियाची गोणी मागायला गेले की दुकानदार म्हणतो, ''ही बाटलीही घ्यावी लागेल.'' याला आपण लिंकिंग म्हणतो. अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहाने कायद्याचे लिंकिंग केले.

तिथल्या घटनेप्रमाणे कराचा कायदा आधी प्रतिनिधिगृहात निघावा लागतो. म्हणून वरिष्ठ सभागृहाने प्रतिनिधिगृहाने पूर्वीच मंजूर केलेले एक भलतेच विधेयक उचलले. ते मनोरुग्णांना विम्यात इतर आजाऱ्यांच्या बरोबरीने वागवावे, यासाठी होते. त्याच्या पोटात बँकांची मदत घातली. शिवाय मुदत संपत आलेल्या कर-सवलतींची मोळी बांधली. सौर आणि पवन ऊर्जेला सवलत. मोटार शर्यतींच्या मैदानांना सवलत. पोर्तो रिको आणि व्हर्जिन बेटांच्या रम दारूच्या कराची तजवीज. लोकरीच्या धंद्यासाठी निधी. आणि सगळ्यांत गाजली ती लहान मुलांच्या खेळण्यातल्या लाकडी बाणांवरच्या कराची माफी. बाणामागे ३९ सेंट कर लागत होता, म्हणजे त्या वेळचे आपले अठरा रुपये. जग बुडते आहे म्हणून रात्री जागून केलेल्या कायद्यात पोरांचे बाण!

तीन पानांचा मसुदा साडेचारशे पानांचा झाला. जोडलेल्या कर-सवलतींची किंमत शंभर अब्ज डॉलरच्या वर गेली. १ ऑक्टोबरला वरिष्ठ सभागृहात ७४ विरुद्ध २५ मतांनी तो मंजूर झाला. ३ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहात २६३ विरुद्ध १७१. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली. चार दिवसांत पन्नासच्या वर प्रतिनिधींनी 'नाही'चे 'हो' केले. बाजाराच्या भीतीने काही फिरले, सवलतींच्या गोणीने काही फिरले.

आम्ही एकतर्फी बोलणार नाही. जोडलेले सगळेच वाईट नव्हते. मनोरुग्णांचा कायदा चांगला होता. बँकेतल्या ठेवीचे विमा संरक्षण एक लाख डॉलरवरून अडीच लाखांवर नेले, त्याने साध्या ठेवीदाराला धीर आला. पण लिंकिंगची खोड हीच. चांगल्या मालाला नाही म्हणता येत नाही, म्हणून नको तो माल घरी येतो. आणि बाणांवर हसता हसता लोकांचे मूळ प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले. बाणांची सवलत किरकोळ होती. मोठा प्रश्न ७०० अब्जांचा होता. हे पैसे कोणत्या अटीवर देता आणि घरवाल्याचे काय?

पैसा कुठे गेला

मसुद्यात लिहिले होते, बँकांचे सडके कागद विकत घेऊ. १४ ऑक्टोबरला सरकारने दिशा बदलली आणि बँकांत सरळ भांडवल घातले. नऊ बड्या बँकांच्या वाट्याला १२५ अब्ज डॉलर ठरले. पुढे मोटार कंपन्यांनाही यातूनच कर्ज मिळाले. मार्च २००९ मध्ये कळले, की वाचवलेल्या एआयजीने ज्या विभागाने हा घोटाळा केला त्याच्याच लोकांना १६५ दशलक्ष डॉलरचे बोनस वाटले. देश पेटला. प्रतिनिधिगृहाने अशा बोनसवर ९० टक्के कर लावणारे विधेयक ३२८ विरुद्ध ९३ मतांनी मंजूर केले. वरिष्ठ सभागृहाने ते हातातही घेतले नाही.

घरवाल्याचे काय झाले? दिवाळखोरीच्या कोर्टाला राहत्या घराचे कर्ज कमी करण्याचा अधिकार द्यावा, ही दुरुस्ती ३० एप्रिल २००९ ला वरिष्ठ सभागृहात ४५ विरुद्ध ५१ अशी पडली. घरकर्जाचे हप्ते उतरवण्याची एक योजना काढली, लाखो कुटुंबांना तिचा उपयोगही झाला. पण बोलल्याच्या मानाने ते फार थोडे होते. अर्ज, फेरअर्ज, हरवलेले कागद यांतच अनेकांची घरे गेली.

आणि ही योजना निघण्याच्या सुमारास काय झाले? फेब्रुवारी २००९ मध्ये शिकागोच्या सौदेबाजारात उभा राहून एका टीव्हीच्या वार्ताहराने दलालांना विचारले, की शेजाऱ्याचे घरकर्ज भरायला तुमच्यापैकी कोण तयार आहे? दलालांनी गिल्ला केला. बँकांना शेकडो अब्ज जाताना त्या बाजाराने असा गिल्ला केला नव्हता. घरवाल्याची पाळी आली तेव्हा फेडणारा आणि थकलेला यांच्यात भांडण लावले गेले. त्या रागातून एक चळवळ उजवीकडे निघाली. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या पेढ्यांच्या दारात दुसरी बसली, ती डावीकडची. राग दोघांचाही त्याच दिवसांत पेटला होता. एकत्र मात्र ते कधी आले नाहीत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बँकांनी तो पैसा पुढे बहुतेक परत केला, नफ्यासह केला. म्हणून 'बँकांना फुकट दिले' असे आपण म्हणू नये, खोटे पडू. आपण असे म्हणावे: बुडत्या बँकेला वेळ दिला, स्वस्त भांडवल दिले, बाजार सावरेपर्यंत थांबले, म्हणून ती फेडू शकली. हेच तर शेतकरी मागतो! मग तिथे त्याला 'व्यवस्था वाचवणे' म्हणायचे आणि इथे 'सवय बिघडवणे', असे का?

त्याच वर्षी आपल्याकडे

२९ फेब्रुवारी २००८. अर्थमंत्री चिदंबरम यांनी ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. पुढे आकडा ७१,६८० कोटी झाला. अमेरिकेच्या मदतीचा तो सुमारे ४५ वा हिस्सा. त्या संध्याकाळी आपल्या गावांत गुलाल उधळला गेला. आम्हीही त्यात होतो. अटी वाचल्या नाहीत, ही चूक आमची.

अट होती दोन हेक्टरची, म्हणजे पाच एकरांची. आतला पूर्ण माफ. वरच्याला ७५ टक्के आधी भरले तर २५ टक्के सूट. दुष्काळी आणि पॅकेजच्या जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २० हजार, जे जास्त असेल ते. कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंतचे आणि ३१ डिसेंबर २००७ ला थकलेले हवे.

शेतीशास्त्र शिकलेल्या कोणालाही कळते, की कोरडवाहू सात-आठ एकरांची पऱ्हाटी पाण्याखालच्या दोन एकरांची बरोबरी करत नाही. हलक्या जमिनीच्या आणि बेभरवशाच्या पावसाच्या मुलखात धारणा मोठी असते ती श्रीमंतीमुळे नव्हे, उत्पन्न कमी म्हणून. कायद्याने एकर मोजले, पीक मोजले नाही. ज्याच्या कर्जाचे सचिवाने २००७ च्या एप्रिलनंतर नवे-जुने करून दिले, तो कागदावर नियमित झाला आणि बाहेर राहिला. ज्याने बायकोचे मंगळसूत्र मोडून फेडले, तो बाहेर. सावकाराचा देणेकरी बाहेर. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. पात्र सुटले आणि अपात्रांना मिळाले, अशी प्रकरणे त्यात निघाली. २०१७ ला राज्याने दीड लाखाची मर्यादा घातली, २०१९ ला दोन लाखांची. प्रत्येक वेळी ओळ आखली गेली आणि आपण एकमेकांकडे पाहत बसलो. थकलेला फेडणाऱ्याला हसला, फेडणारा थकलेल्यावर जळला. शिकागोचे भांडण आपल्या चावडीवर!

मूळ दुखणे भावाचे

माफी हा उतारा आहे, रोग भावाचा आहे. १९८० च्या दशकातल्या अखेरच्या वर्षांचा जो हिशेब भारत सरकारने गॅटपुढे मांडला, त्यात पिकांना मिळणारी मदत उणे निघाली. सरकारी कागदच सांगतो, की देणेकरी कोण आहे. म्हणून आपण माफी म्हणत नाही, मुक्ती म्हणतो. माफी गुन्हेगाराला असते.

अमेरिकेने तर आपल्या कापसाला अनुदाने दिली, जगाचा भाव पाडला. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. तेव्हा अमेरिकेने २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला पैसे दिले आणि २०१४ मध्ये ३०० दशलक्ष डॉलर देऊन मिटवले. २००८ च्या हंगामात इथे लांब धाग्याचा हमीभाव २,०३० वरून ३,००० झाला. त्याच हंगामात न्यूयॉर्कच्या पेढ्या बुडाल्याने कापसाचा जगभरचा भाव पडला आणि व्यापारी बाजूला झाला. त्यांनी जुगार हरला, आपला कापूस खरेदी केंद्राच्या रांगेत अडकला.

आता करायचे काय

तीन गोष्टी ठरवून उठू.

पहिली, शासन निर्णय हाती आल्याशिवाय गुलाल नाही. गावोगाव पाच जण ठरवा. त्यात दोन बाया हव्यात, कारण कर्जाचा तगादा दारात येतो तेव्हा दारात त्याच असतात. निर्णयाची प्रत चावडीवर मोठ्याने वाचायची, शेवटच्या पोटकलमापर्यंत.

दुसरी, या हंगामातच गावाची वही करा. कोणाचे कर्ज, कोणत्या तारखेचे, नवे-जुने कधी झाले, जमीन किती, ओलित किती, सावकाराचे किती, फेडले असल्यास काय विकून फेडले. पुढची ओळ सरकार आखील, तेव्हा ती कुठून जाते आणि कोणाला कापते, हे आपल्याला आधी दिसले पाहिजे.

तिसरी, फेडणारा आणि थकलेला एकाच रांगेत बसतील. फेडणाऱ्याला काही मिळणार नसेल, तर थकलेल्याने ती योजना मुकाट्याने घ्यायची नाही. हे अवघड आहे, आम्हाला माहीत आहे. दारात जप्ती आलेल्या माणसाला थांब म्हणणे सोपे नाही. पण रांग फुटली, की साडेचारशे पानांत आपल्यासाठी एखादा लाकडी बाण ठेवतात आणि घर वाचवणारे कलम गाळतात.

अमेरिकेच्या लोकांनी फोन करून एकदा कायदा पाडला. ही लहान गोष्ट नाही. पण त्यांचा राग सोमवारी जिंकला आणि शुक्रवारी हरला. आपला राग पेरणीपासून वेचणीपर्यंत टिकला पाहिजे. पऱ्हाटीला आपण तेवढे दिवस जपतोच की!

वही घरी गेल्यावर नको, आज रात्रीच सुरू करा.