उजेड आंत, ऊन बाहेर



शाळेची इमारत बांधतांना मुलें किती बसतील व फळा कोठें लागेल, याचा विचार सर्वच करतात. ऊन कोणत्या बाजूनें येईल, याचा विचार करणारे थोडेच. जेथें विजेची तार पोंचलेली नाहीं, तेथें दिव्याचें आणि पंख्याचें काम भिंतींना व छपरालाच करावें लागतें. पश्चिम आफ्रिकेंतील बुर्किना फासो या देशांतल्या गान्दो नांवाच्या खेड्यानें तें करून दाखविलें आहे.

फ्रान्सिस केरे हे या गांवच्या प्रमुखाचे पुत्र. जन्म १९६५ चा. गांवांत शाळा नसल्यामुळें लहानपणींच त्यांना घर सोडून तेन्कोदोगो येथें जावें लागलें. तेथील वर्गांत शंभराहून अधिक मुलें दाटीनें बसत. आंत उजेड अपुरा आणि उकाडा असह्य. पुढें शिष्यवृत्तीवर ते जर्मनीस गेले. बर्लिन येथें वास्तुविद्येचें शिक्षण चालूं असतांनाच त्यांनीं गान्दोच्या शाळेसाठीं निधि जमविण्यास आरंभ केला.

परंतु माती वापरावयाची म्हणतांच गांवकरी साशंक झाले. मातीचें घर पावसांत विरघळतें, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता. ती शंका मूर्खपणाची नव्हती. म्हणूनच तिला उत्तर शब्दांनीं न देतां बांधणीनें द्यावें लागलें.

मातींत थोडें सिमेंट मिसळून, ती दाबून विटा केल्या. वर्गावर मातीच्याच विटांचें छत घातलें व त्यांत फटी ठेविल्या. पत्रा मात्र छतावर टेकविला नाहीं. लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर तो उंच उचलून धरला. मधल्या पोकळींतून वारा खेळतो, वर्गांतील तापलेली हवा फटींवाटे वर निघून जाते आणि झिलमिलीच्या खिडक्यांतून ताजी हवा आंत येते. त्याच खिडक्या उजेड आंत घेतात व प्रखर ऊन अडवितात. छपराच्या पुढें आलेल्या रुंद वळचणीमुळें भिंतींवर ऊन पडत नाहीं आणि पाऊसहि लागत नाहीं. गांवकऱ्यांच्या शंकेचें उत्तर तें हेंच.

मुलांनीं दगड वेंचले, बायकांनीं पाणी वाहिलें, पुरुषांनीं बांधकाम शिकून घेतलें. २००१ सालीं तीन वर्गांची शाळा उभी राहिली. २००४ सालीं तिला आगाखान पारितोषिक मिळालें. पुढें मुलें इतकीं वाढलीं कीं इमारत वाढवावी लागली. २०२२ सालीं केरे यांना वास्तुकलेचें प्रिट्झकर पारितोषिक लाभलें.

महाराष्ट्रांत उन्हाळा आला कीं शाळा सकाळची होते. वेळ बदलते, पत्रा तसाच तापत राहतो. गान्दोची नक्कल येथें करावी असें नव्हे. लडाखसारख्या थंड मुलखांत तर छपराची नव्हे, ऊन आंत घेणाऱ्या दक्षिणेकडील भिंतीची काळजी आधीं करावी लागते. मात्र पाया खणण्यापूर्वीं एक दिवस त्या जागेवर उभें राहावें. सकाळीं, दुपारीं आणि सायंकाळीं सांवली कोठें पडते तें पाहावें. त्या पाहण्यास पैसा लागत नाहीं. आणि त्याचें फळ मुलांच्या कित्येक पिढ्यांना मिळत राहतें.